पट्टा तुटत नाही, टोकं सुटतात

जागलीच्या, म्हणजे रात्री पिकाची राखण करायच्या दिवसांत बंदूक हातात कमी आणि खांद्यावर जास्त असते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, धुऱ्यावरचं गवत कमरेएवढं. मग तीन-सव्वातीन किलोचं हत्यार पट्ट्यावरच सोडावं लागतं. तरीही पट्टा हा सगळ्यात शेवटी, मिळेल तिथून आणि मिळेल तसा घेतला जातो. यंदा हंगामाआधी आमच्याकडच्या दोन परवान्याच्या हत्यारांना नवे पट्टे केले: एक १२ बोअरची दुनळी आणि एक .२२ ची रायफल. त्यात काय मोजलं, काय चुकलं आणि काय उसवून पुन्हा शिवावं लागलं, ते लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी. हत्यार वाहण्याचा पट्टा वेगळा आणि नेम स्थिर करण्याचा पट्टा वेगळा. वाहण्याचा पट्टा नळीकडच्या पुढच्या कडीपासून दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाच्या, कडीपर्यंत जातो, त्याला लांबी आणि थोडी ढिलाई लागते. नेमाचा पट्टा फक्त पुढच्या कडीला अडकतो, त्याचं दुसरं टोक डाव्या दंडावर फासासारखं बसतं, आणि त्याला एक बोटभरही ढिलाई चालत नाही. दोन्ही कामं करणारे पट्टे असतात, पण शेतात त्यांचा गुंता फार होतो. दुनळीला नेमाच्या पट्ट्याचा काडीचाही उपयोग नाही. ती फिरवून मारायची बंदूक, तिला दंडाशी बांधून टाकलं तर ती फिरणार कशी? म्हणून दुनळीला वाहण्याचा एकच साधा पट्टा केला, आणि .२२ ला दोन वेगळे.

लांबी दोरीने मोजली. हत्यार रिकामं करून, दोनदा उघडून बघून, दोन्ही कड्यांतून कासऱ्यासारखी सुतळी ओवली आणि घालायचे तेच कपडे अंगावर ठेवून खांद्याला लावलं. हे कपड्यांचं महत्त्वाचं. बनियनवर मोजलेला पट्टा पौषात स्वेटर आणि घोंगडीवरून चढत नाही. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला एका खांद्यावर लटकवायला कडीपासून कडीपर्यंत साधारण ९० सेंटीमीटर पुरतात. पाठीवर तिरपी टाकायची तर ११० ते ११५ लागतात. बंदूक खांद्यावर असताना दस्त्याचं टोक फार खाली नको आणि फार वरही नको. गुडघ्याखाली लोंबलं तर चालताना पोटरीवर आपटतं, आणि वर काखेत घुसलं तर नळी डोक्याच्या बरीच वर जाऊन बाभळीच्या फांदीला अडते.

रुंदी मात्र आपण ठरवायची नसते, ती कडी ठरवते. कडीच्या आतली मोकळी जागा मोजायची. शिकारी घाटाच्या बंदुकांना बहुतेक एक इंची कडी असते, लष्करी घाटाच्या रायफलींना सव्वा इंची. सव्वा इंची पट्टा एक इंची कडीत कोंबला की तो मधोमध दुमडतो आणि त्या घडीवरच चामडं चिरतं. उलट एक इंची पट्टा सव्वा इंची कडीत इकडून तिकडे सरकत राहतो, आणि रात्रीच्या शांततेत त्याची खटखट होते. रोही (नीलगाय) असो की डुक्कर, लोखंडावर लोखंड वाजलं की वावराच्या पलीकडच्या टोकाला त्याचे कान उभे राहतात. खांद्यावर येणारा भाग रुंद हवा असेल तर तेवढाच दोन इंची ठेवून टोकं निमुळती करावीत.

आता कशाचा करायचा. पर्याय तीनच: चामडं, सुती नवार, नायलॉन. नवार म्हणजे खाटेला लावतात तीच जात, फक्त घट्ट विणीची. ब्रिटिश फौजेने ली-एनफिल्डसाठी १९०१ मध्ये ठरवलेला पट्टा सव्वा इंची सुती नवारीचाच होता, दोन्ही टोकांना पितळी पत्र्याच्या आकड्या. तो नमुना इतका सोपा आहे की त्यात बिघडायला काही नाही. एकच खोड: सुती नवार भिजली की आखडते, चामडं भिजलं की सैलावतं. मृगात भिजलेला नवारीचा पट्टा दोन बोटं आखूड वाटतो आणि वाळला की कडक होतो. नायलॉन पाण्याला जुमानत नाही, स्वस्त आहे, पण टेरिकॉटच्या शर्टावरून घसरतो. दर पन्नास पावलांनी खांदा उचकवावा लागतो आणि रात्र संपेपर्यंत मान धरते. नायलॉनच घ्यायचा तर खांद्याच्या जागी वीतभर रबराची किंवा जाड कापडाची पट्टी शिवून घ्यावी. त्याचं प्लास्टिकचं बक्कल मात्र आम्ही घेत नाही. अकोला, चंद्रपूर भागात मे महिन्यात ४५ अंशांच्या वर ऊन असतं. अशी दोन-तीन उन्हं खाल्लेलं प्लास्टिक वरून धड दिसतं आणि एका हिसक्यात फुटतं.

दुनळीसाठी चामडं ठरलं. तालुक्याच्या बाजारात मोच्याकडे म्हशीच्या चामड्याचे दोन तुकडे होते. दिसायला सारखे, भावात फरक. स्वस्त तुकड्याला हात लावला तर त्यानेच अडवलं. "भाऊ, हे पोटाचं हाय. वजन टांगलं का बोटबोट वाढते. पाठीचं घ्या." पाठीचं आणि पोटाचं ओळखायची खूण त्याने दाखवली: तुकडा आतल्या बाजूने दुमडला की पोटाच्या चामड्यावर सुरकुत्यांचे मोठे सैल फुगे उठतात, पाठीच्यावर बारीक घट्ट रेघा. जाडी साडेतीन मिलिमीटर, रुंदी एक इंच, आणि कापताना लांबी दीड मीटर. पुरा पट्टा ११५ सेंटीमीटरचा असला तरी पुढच्या कडीभोवतीच्या घडीला १० सेंटीमीटर आणि मागच्या बाजूला लांबी कमी-जास्त करायला २५ सेंटीमीटर जास्तीचे लागतात. सलग तुकडा मिळाला नाही तर जोड देऊन घेऊ नये. जोडाचा पट्टा हा जोडावरच जातो.

टोकांवर खरी मेहनत आहे. जिथे चामडं कडीभोवती वळतं तिथे ते रापीने तासून निम्मं पातळ करायचं, नाहीतर जाड घडी कडीला गच्च बसते, कडी फिरत नाही, आणि न फिरणारी कडी चामडं कापते. तासताना आतली, मऊ बाजू तासायची. वरची गुळगुळीत बाजू म्हणजेच चामड्याची ताकद, ती तासली की उरतो तो भुसा. शिवण मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी, इंचाला सहा टाके. एका सुईने घातलेली धावती शिवण एक टाका तुटला की उसवत जाते. दोन सुयांची शिवण एका टाक्याला तुटली तरी शेजारचे टाके धरून राहतात. बक्कलाची भोकं पंचाने गोल पाडायची, एक-एक इंचावर, शेवटचं भोक टोकापासून निदान दोन सेंटीमीटर आत. घाई असली की मोची आरीने टोचून भोक मोठं करून देतो, नको म्हणायचं. आरीच्या भोकाला कोपरे असतात आणि चीर कोपऱ्यातूनच निघते.

शिवण्याऐवजी पेचाचे रिव्हेट घालून देणारेही आहेत. सोयीचे असतात, पट्टा काढता-घालता येतो. पण चालताना ते हळूहळू उलटे फिरतात. .२२ च्या पट्ट्याला आम्ही एका टोकाला ते घातले होते. आठवड्यात एक अर्धा बाहेर आला. आट्यांवर नखावर घ्यायची ती नेलपॉलिश लावून बसवल्यावर हलला नाही.

पट्टा बंदुकीला लावायच्या आधी तो घराच्या आढ्याला टांगून खाली पाण्याची दहा लिटरची बादली अडकवली आणि रात्रभर तशीच ठेवली. बादली धरून साडेदहा किलोच्या आसपास वजन, म्हणजे बंदुकीच्या तिप्पट. सकाळी पट्टा दीड सेंटीमीटर वाढलेला होता. नवं चामडं एवढं वाढतंच, मग थांबतं. पण मागच्या टोकाला बक्कलाजवळचे दोन टाके कापले गेले होते, कारण बक्कलाच्या ओतीव कडेला आत एक बारीक खरखरीत कंगोरा होता. बोट फिरवलं असतं तर कळलं असतं. कंगोरा कानसीने घासून तेवढा भाग उसवून परत शिवला. बक्कल आणि कडी घेताना ओतीव जस्ताची घेऊ नये. ती चकचकीत असते, हलकी असते आणि वाकण्याऐवजी टचकन तुटते. लोखंडी जाड तारेची, वाकवून सांधा झाळलेली कडी दिसायला गावठी, पण तुटण्याआधी वाकून इशारा देते.

आता कडी बंदुकीवर कुठे. दुनळीच्या बाबतीत इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. पुढची कडी नळ्यांवर हवी, पुढच्या लाकडाच्या चार-सहा बोटं पुढे. कितीतरी जण ती पुढच्या लाकडालाच पेचाने बसवतात, कारण लाकडात भोक पाडणं सोपं. पण दुनळीचं पुढचं लाकूड हे सुटं होणारं असतं, एका खिट्टीवर धरलेलं. पट्ट्याला हिसका बसला, खिट्टी सुटली, की लाकूड पट्ट्यासोबत खांद्यावर आणि नळ्या-दस्ता जमिनीवर. नळ्यांवर कडी झाळून घ्यायची तर परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडेच. गावच्या वेल्डिंगवाल्याकडे हे काम कधीही नेऊ नये. दोन नळ्यांमधली पट्टी कथिलाने जोडलेली असते, बाहेरची आच लागली की ती उकलते, आणि नळ्यांचा एकमेकींशी असलेला मेळ जातो. आमच्या दुनळीला कडी नव्हतीच, म्हणून नळ्यांभोवती बसणारा रबराच्या अस्तराचा पट्टीचा क्लॅम्प घेतला. तो बेताने आवळायचा, दुनळीच्या नळ्या पुढे पातळ असतात. आणि दर महिन्याला काढून खालची जागा पुसून तेलाचा हात फिरवायचा. रबराखाली दमट राहतं आणि बरोबर क्लॅम्पच्या रुंदीची तांबेऱ्याची अंगठी उमटते.

मागची कडी दस्त्याच्या खालच्या टोकापासून सहा-सात सेंटीमीटर आत. भोक पेचाच्या गाभ्याइतकं पाडायचं, आट्यांइतकं नाही, आणि लाकडावर आधी चिकटपट्टी लावायची म्हणजे कड फुटत नाही. पेचाला मेण फासलं की तो जुन्या वाळलेल्या अक्रोडातही न कुरकुरता जातो. कोरडा दामटला तर दस्ता शिरेत फाटतो, आणि दस्त्यापुढे पट्ट्याची किंमत ती काय!

काढ-घाल करायची खटक्याची कडी असेल तर तिचा दांडा पूर्ण आत बसला का हे डोळ्यांनी नव्हे, ओढून बघायचं. पऱ्हाटीच्या वावरात कापसाचं तूस आणि माती त्या स्प्रिंगच्या भोकात जाऊन बसते. खटका वाजल्यासारखा वाटतो, दांडा मात्र अर्धाच गेलेला असतो. रोज निघताना दोन्ही टोकांना एक-एक हिसका द्यायचा, एवढंच. पट्ट्याचा मधला भाग तुटलेला आम्ही अजून पाहिला नाही. जे काही पडलं ते टोक सुटूनच पडलं. खटखट थांबवायला सायकलच्या ट्यूबच्या बोटभर कापलेल्या चकत्या कडीवर चढवल्या. पट्ट्याचं उरलेलं शेपूट अडकवायलाही त्याच.

नळी मोडून दट्ट्या भरायची हवेची बंदूक वापरणारे गावात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. त्या बंदुकीची नळी हाच तिचा दट्ट्या ओढायचा दांडा. पुढची कडी नळीवर लावली तर मोडताना पट्टा मध्ये येतो, आणि पट्ट्याच्या ओढीने नळीचा सांधा दिवसेंदिवस ढिला होतो. कडी पुढच्या लाकडावरच हवी. शिवाय ही स्प्रिंगची जात धरण्याच्या पद्धतीला फार हळवी. पट्टा ताणून मारलं तर छर्रा एकीकडे, सैल सोडून मारलं तर दुसरीकडे.

वाहण्याच्या पद्धतीही दोन-तीनच कामाच्या. कोरड्या दिवसांत उजव्या खांद्यावर, नळी वर. पावसात डाव्या खांद्यावर, नळी खाली, म्हणजे नळीत पाणी जात नाही. फक्त वाकताना टोक मातीत रुतलं का ते बघायचं. नळीत चिखलाचा बोळा असताना बार काढला तर नळी फाटते. पाठीवर तिरपी टाकण्याची पद्धत लांबच्या चालीला बरी, पण ती फक्त रिकाम्या हत्याराला. मागे काय चाललंय ते दिसत नाही, तुरीच्या ओळीतून जाताना फांदी चापात शिरू शकते. एकाच जागी लावायचा, गळ्यात अडकवायचा पट्टा हल्ली विकायला असतो. लांब नळीच्या बंदुकीला तो लावला की ती गुडघ्यांवर झांज वाजवत राहते.

कुंपण ओलांडताना, विशेषतः झटका मशीनच्या तारा असतील तिथे, काडतुसं काढून बंदूक खांद्यावरून उतरवायची. लोंबणारा पट्टा तारेत पहिला अडकतो. मचाणावर चढतानाही पट्ट्याच्या भरवशावर राहू नये. रिकामी बंदूक दोराने, नळी खाली ठेवून, माणूस वर पोचल्यावर ओढून घ्यायची. मोटारसायकलवर पट्टा गळ्यात घालून बसणं हा तर निव्वळ अडाणीपणा. रस्त्याला बंदूक कव्हरमध्येच असली पाहिजे. आणि पट्टा कितीही चांगला असो, परवाना जवळ आहे म्हणून डुकरावर बार टाकायला मोकळीक नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते.

.२२ च्या नेमाच्या पट्ट्याकडे येतो. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांनी ५० मीटर थ्री पोझिशनची स्पर्धा बघावी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं तीच. तिथे गुडघ्यावर आणि पालथं पडून मारताना पट्टा लावता येतो, उभ्याने मारताना कुणालाच नाही. पट्ट्याची रुंदी ४० मिलिमीटरपर्यंत. कारण साधं: पालथं पडल्यावर कोपर जमिनीवर टेकलेलं असतं, पट्टा दंड आणि बंदूक यांच्यात तिसरी बाजू होतो, आणि कोपर-पंजा-पट्टा हा त्रिकोण बंदूक उचलून धरतो. स्नायूंना काम उरत नाही. उभ्याने कोपर हवेतच असतं.

बांधणी अशी. फास डाव्या दंडावर, दंडाचा गोळा संपतो त्याच्या वर, काखेजवळ. आवळ बाहेरच्या बाजूने यावी. आतल्या बाजूला आवळला तर तिथल्या नाडीचा प्रत्येक ठोका माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर दिसतो, माशी घड्याळासारखी टिकटिक उडते. मग पट्ट्याला अर्धा पीळ देऊन तो पंजाच्या पाठीवर सपाट बसवायचा आणि पंजा पुढे हातअडणीला, म्हणजे पुढच्या लाकडाखाली पंजा अडवणाऱ्या ठोकळ्याला टेकवायचा. लांबी बरोबर झाल्याची खूण एकच: दस्ता खांद्यात बसवायला उजव्या हाताने थोडा जोर लावावा लागला पाहिजे. दस्ता आपोआप जाऊन बसला तर पट्टा सैल आहे. दस्ता पोचतच नसेल तर एक भोक सोडायचं.

मग डोळे मिटून दोन श्वास, उघडून पाहायचं. माशी टार्गेटच्या बाजूला गेली असेल तर हाताने ढकलून आणायची नाही, डावं कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय सरकवायचे. हातांनी ढकललेली बंदूक बार सुटताना परत आपल्या जागी जाते. पंजाला पाच-सात मिनिटांत मुंग्या येतात, नव्या माणसाला लवकर. जाड बाहीचं जर्किन घातलं की बरंच सुसह्य होतं. बरोबर ठरलेल्या भोकावर बॉलपेनाने खूण करून ठेवावी, आणि शून्य करायचं, म्हणजे गोळी नेमावरच पडेल असा नेम जुळवायचा, तो पट्टा बांधूनच. ज्या रायफलीची पुढची कडी लाकडावर न राहता नळीवर आहे, तिची नळी पट्ट्याच्या ताणाने कणभर वाकते आणि गोळी ताणाच्या दिशेला उतरते. वाळूच्या थैलीवर ठेवून केलेलं शून्य तिथे फसवं ठरतं. थैलीवर मारायचं तर उलट पट्टा काढूनच टाकावा, मागे लोंबणारा पट्टा थैलीला घासून दस्ता ओढतो.

वेळ नसेल तर वाहण्याच्या पट्ट्यातूनही घाईची बांधणी होते. डावा हात पट्टा आणि बंदूक यांच्यामधून घालून पट्टा दंडाच्या वर चढवायचा, मग पंजा बाहेरून पट्ट्याभोवती फिरवून पुढच्या लाकडावर आणायचा. फासाइतकी ही घट्ट नाही, पण बसून मारताना डगमग निम्मी होते. त्यासाठी पट्टा ९० सेंटीमीटरच्या जवळ हवा, ११५ वर ही बांधणी नुसती लोंबते.

निगेचं थोडक्यात. चामड्याला महिन्यातून एकदा एरंडेल, चिंधीने, हाताला लागणार नाही इतपतच. तेलात भिजवून ठेवला तर पट्टा चिंधीसारखा लिबलिबतो आणि लांबतो. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडाला उत्तम, पट्ट्याला अजिबात नको, कारण ते वाळून कडक होतं आणि चामडं पापडासारखं मोडतं. पितळी बक्कल तेलकट चामड्याला टेकून कळंकतं, हिरवा मेणकट थर येतो. तो काडीने काढून कोरड्या फडक्याने पुसायचा. भिजलेला पट्टा चुलीजवळ किंवा पत्र्यावर उन्हात वाळवू नये. सावलीत सरळ टांगावा, दोन दिवस लागले तर लागू द्यावेत.

निवडणुकीची आचारसंहिता लागून हत्यार ठाण्यात जमा करायची पाळी आली की पट्टा काढून घरी ठेवावा आणि बंदूक तशीच द्यावी. महिना-दीड महिना भिंतीला टेकून उभ्या बंदुकीला गुंडाळलेलं चामडं जिथे दाबून राहतं तिथे खाली तांबेरा धरतो. घरी ठेवताना गुंडाळी करायची नाही, खुंटीला सरळ टांगायचा, आणि खुंटी उंदरांच्या वाटेवरची नसावी. एरंडेल लावलेलं चामडं त्यांना पोळ्याच्या पुरणपोळीसारखं लागतं. बंदूक परत आली की आधी पट्ट्याला बादली, मग तो लावून दोन्ही टोकांचे हिसके, मगच खांदा.